पाकीट फोडलं, पण चूल सुटली का?

वर्तमानपत्रांच्या महिला पुरवण्यांमध्ये 'झटपट' हा शब्द नसलेलं पान सापडणं आता कठीण झालं आहे. झटपट नाश्ता, झटपट डबा, झटपट सणाचा बेत. मोबाईलवर येणाऱ्या मिनिटाभराच्या चित्रफितींमध्येही तेच. या पाककृती 'नोकरी करणाऱ्या मैत्रिणींसाठी' आहेत असं वर लिहिलेलंच असतं. 'नोकरी करणाऱ्या मित्रांसाठी' अशी एकही पाककृती माझ्या पाहण्यात अजून आलेली नाही.

मी मूळची धुळ्याची, गेली तीसेक वर्षं जळगावात राहते. मला खाण्याची आवड आहे आणि रोजच्या स्वयंपाकाचा कंटाळाही आहे. त्यामुळे सोपं काही दिसलं की मी ते वाचते, अधूनमधून करूनही बघते. अलीकडे अशा तीन गोष्टी करून पाहिल्या.

पहिली, 'भरीत सँडविच'. पांढरा पाव, त्यावर आदल्या दिवशीचं भरीत, त्यावर मेयोनीज, टोमॅटो सॉस आणि चीजची चकती. पाव दोन मिनिटांत भिजला. हिरव्या मिरचीच्या आणि लसणाच्या भरिताला सॉसने गोड केलं. दुसरी, 'झटपट मांडे'. विकतच्या मैद्याच्या पोळीत बिस्किटांचा चुरा आणि डब्यातलं आटवलेलं दूध भरायचं. धुळ्याहून आलेल्या आत्याने ताटाकडे बघून "हाई काय शे?" एवढंच विचारलं. तिने आयुष्यभर हातांवर मांडा मोठा करत उपड्या खापरावर टाकला आहे, तिला काय उत्तर द्यावं? तिसरी, पाकिटातल्या तयार रश्श्याची शेवभाजी. शेव रश्श्यात घालून दहा मिनिटं उकळा, अशी सूचना होती. शेवभाजी ज्याने एकदा जरी केली असेल तो हे सांगणार नाही. दहा मिनिटांनी कढईत शेव उरलीच नाही, खारट पिठलं उरलं.

आता चव हा आपापल्या आवडीचा भाग आहे, असं कुणी म्हणेल. मान्य. मग चव बाजूला ठेवून या तीन पाककृतींनी माझं काम किती वाचवलं ते बघू. सँडविचसाठी भरीत आधीच तयार हवं होतं. म्हणजे वांगी भाजणं, सोलणं, ठेचणं हे खरं काम मी कालच केलं होतं, पाकिटाने त्यात खर्च तेवढा वाढवला. मांडे कुणी रोज करत नाही, त्यामुळे रोजच्या कामात काही वाचायचा प्रश्नच नाही. शेवभाजीच्या पाकिटाने वाटणाची वीस मिनिटं वाचवली, हे खरं. पण भाकरी मलाच करायची होती, कांदा-लिंबू मलाच चिरायचं होतं, ताटं मलाच वाढायची होती आणि ओटाही मलाच पुसायचा होता. भाजी बदलली, भाजीभोवतीचं काम जिथल्या तिथे राहिलं.

खरी सोय कशाला म्हणायचं?

सोयीला माझा विरोध नाही. बाईचे कष्ट कमी करणारी प्रत्येक गोष्ट घरात आलीच पाहिजे. आपल्याकडे जात्याला घरोट म्हणतात. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींनी (१८८०-१९५१) त्या घरोटावर कविता केली आहे, आणि ती आपल्याला प्रिय आहे. पण पहाटे उठून पायली-पायली ज्वारी दळणाऱ्या बाईची पाठ त्या कवितेने हलकी झाली नाही. ती हलकी झाली पिठाच्या गिरणीने. गिरणी आली आणि रोजचे तास वाचले, भाकरी मात्र ज्वारीचीच राहिली. कुकर, गॅस, मिक्सर यांचंही तसंच. त्यांनी काम कमी केलं, पानातलं अन्न हिरावून घेतलं नाही. पाकिटाचं बरोबर उलटं आहे. ते पानातलं अन्न बदलतं आणि काम बहुतेक तसंच ठेवतं.

ही माझ्या एकटीची तक्रार आहे असं वाटत असेल तर आकडे बघा. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर पाहणी केली, लोक दिवसाचा वेळ कशात घालवतात याची. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका ८१.२ टक्के निघाल्या आणि पुरुष २६.१ टक्के. जे करत होते, त्यांच्यातही बाईचा दिवसाचा सरासरी वेळ २९९ मिनिटं आणि पुरुषाचा ९७. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या अपघात-भरपाईच्या खटल्यात हेच आकडे निकालपत्रात घेतले आणि गृहिणीच्या कामाला पैशात मोल आहे हे ठामपणे सांगितलं. पुढे २०२४ मध्ये पुन्हा तशीच पाहणी झाली. बाईची २८९ मिनिटं, पुरुषाची ८८. म्हणजे पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं कमी झाली आणि पुरुषाचीही नऊ कमी झाली. दोघांमधला फरक २०२ मिनिटांवरून २०१ वर आला. 'दोन मिनिटांत तयार' होणाऱ्या नूडल्स आपल्या देशात १९८३ मध्ये आल्या. चाळीस वर्षं आपण पाकिटं फोडतो आहोत आणि बाई-पुरुषांतलं अंतर अजून तीन तासांहून जास्त आहे.

पुरुषांना येतं, बरं का!

'त्यांना स्वयंपाक येत नाही' हे कारण निदान खानदेशात तरी कुणी देऊ नये. थंडी पडली की आपल्याकडे शेताशेतांत भरीत पार्ट्या होतात. बामणोद, भादली, आसोदा भागातली मोठी हिरवी वांगी आणायची, कपाशीच्या काड्यांच्या जाळावर भाजायची, सोलायची, मोठ्या लाकडी भांड्यात मुसळीने ठेचायची, मिरची-लसणाची फोडणी करायची. हे सगळं कोण करतं? बहुतेक वेळा पुरुष! शंभर माणसांचं भरीत अंदाजाने करतात आणि मीठ चुकत नाही. भंडाऱ्याला आणि लग्नाला वरण-बट्टीचा मोठा घाट घालणारे आचारी पुरुषच. जळगाव-धुळे महामार्गावरच्या ढाब्यांवर शेवभाजीची तर्री ज्यांच्या हाताने येते तेही बहुतेक पुरुषच.

म्हणजे हाताला चव आहे, अंदाज आहे, उत्साहही आहे. फक्त तो रविवारी शेतात असतो, मंगळवारी संध्याकाळी घरातल्या ओट्यापाशी नसतो. समारंभाचा स्वयंपाक पुरुषाचा, त्याचं कौतुक. रोजचा स्वयंपाक बाईचा, त्यात खोड काढायची. पाकीटवाल्यांनी ही वाटणी अचूक ओळखली आहे. मंगळवारची संध्याकाळ त्यांनी बाईलाच विकायला काढली. 'तूच कर, पण लवकर कर' एवढाच त्यांचा निरोप आहे.

माझं म्हणणं असं, की रोजच्या जेवणासाठी खरी झटपट पाककृती ती, जी घरातलं कुणीही करू शकेल. अशा पाककृती शोधायला पुरवणी उघडावी लागत नाही. कापूस वेचायला सकाळी लवकर निघणाऱ्या बायकांनी, मजुरीवरून दिवेलागणीला परतणाऱ्या बायकांनी त्या केव्हाच करून ठेवल्या आहेत. खाली तीन देते. चार माणसांच्या अंदाजाने आहेत, आणि चौदा वर्षांच्या मुलालाही जमतील.

डुबुकवडे. घरात भाजी नसेल त्या दिवशी. एक वाटी बेसनात तिखट, हळद, चिमूटभर ओवा, ठेचलेला लसूण, कोथिंबीर, मीठ घालून भज्यांपेक्षा जरा घट्ट पीठ भिजवा. कढईत तेल तापवून जिरं, भरपूर लसूण, हळद, तिखट आणि चमचाभर काळा मसाला घाला, लगेच पाच वाट्या पाणी ओता, मीठ घाला. पाणी खळखळ उकळायला लागलं की पिठाचे छोटे गोळे एकेक करून सोडा. पहिली दोन-तीन मिनिटं ढवळू नका, नाहीतर फुटतात. आठ-दहा मिनिटांत वडे शिजून वर येतात, थोडं पीठ सुटून रस्सा आपोआप दाट होतो. भाकरी नसेल तर भातावर घ्या.

शेवभाजी. दोन कांदे आणि अर्धी वाटी सुक्या खोबऱ्याचा कीस तव्यावर तपकिरी होईपर्यंत भाजा. आठ-दहा लसूण पाकळ्या, आल्याचा तुकडा घालून वाटा. तेलात हे वाटण, दोन चमचे काळा मसाला आणि तिखट घालून तेल सुटेपर्यंत परता. चार वाट्या गरम पाणी आणि मीठ घालून पाच मिनिटं उकळा. शेवेत मीठ असतं, ते लक्षात ठेवा. शेव जाड आणि तिखट हवी, आणि ती कढईत घालायचीच नाही. वाटीत रस्सा वाढायचा, वरून शेव टाकायची, लगेच खायचं. वाटण आठवड्याचं एकदम करून फ्रीजमध्ये ठेवलं तर ही भाजी पंधरा मिनिटांची आहे.

गॅसवरचं भरीत. काड्यांच्या जाळाची चव येणार नाही, पण रोजच्यासाठी चांगलं होतं. वांग्याला सुरीने दोन-तीन टोचे मारा, म्हणजे फुटत नाही. तेलाचा हात लावून जाळीवर फिरवत भाजा. सोबतच पाच-सहा हिरव्या मिरच्या भाजा. वांगं सोलून मिरची, लसूण, मीठ घालून वाटीच्या बुडाने ठेचा. तेलात जिरं, शेंगदाणे आणि मूठभर चिरलेली कांद्याची पात परतून वर ओता. टोमॅटो नको, साखर तर नकोच. सोबत कळण्याची भाकरी असेल तर उत्तम. चार वाट्या ज्वारीला एक वाटी अख्खे काळे उडीद आणि थोडं मीठ घालून गिरणीतून दळून आणायचं. दळण आणायला तरी कुणी नाही म्हणणार नाही.

यात एक धोका आहे, तो सांगितला पाहिजे. 'घरचंच अन्न चांगलं' हे वाक्य बाईच्या पाठीवर मारायला फार सोयीचं आहे. संध्याकाळी सातला बसमधून उतरून, दोन पोरांना जेवू घालण्यासाठी जी बाई पाकीट फोडते, तिच्याकडे बोट दाखवण्याचा अधिकार कुणाला नाही. ज्याला घरचं अन्न हवं त्याने आधी पीठ मळावं आणि मग बोलावं.

विकतचं सगळंच वाईट, असंही माझं म्हणणं नाही. शेव आपण विकतच आणतो. बिबडे, कुरडया, पापड, वडे, काळा मसाला हे आपल्याकडचं जुनं 'तयार अन्न'च. चैत्र-वैशाखात गल्लीतल्या बायका एकत्र बसून ते करत, कारण एकटीच्याने ते उरकत नसे. आज ते करायला वेळ नसेल तर बचत गटातल्या बायकांकडून विकत घ्या. तिथे तुमची सोय होते आणि दुसऱ्या बाईच्या कष्टाला दाम मिळतो. मुंबईत प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं, तेव्हा मुद्दा हाच होता: स्वयंपाक हे काम आहे आणि कामाला दाम आणि मान हवा.

पाकीट घ्यायचंच असेल तर मागची बाजू वाचून घ्या. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, त्यामुळे पहिली तीन नावं बघितली तरी आत काय आहे ते कळतं. सोडियमचा आकडा अडीचने गुणला की मिठाचा अंदाज येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे मोठ्या माणसाला दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे लहान चमचाभरही नाही, इतकं मीठ पुरतं.

शेवटी एक सुचवते. आठवड्यातले दोन वार ठरवून टाका, त्या दिवशी ओटा तुमचा नाही. डुबुकवडे दुसऱ्या कुणाला तरी शिकवा. पहिल्यांदा गोळे फुटतील, मीठ जास्त पडेल. पडू द्या, पुढे होऊन सावरायला जाऊ नका. आणि ओटा पुसणं हा पाककृतीचाच भाग आहे, हे पहिल्याच दिवशी सांगा. पुरवण्यांच्या संपादकांना पत्र लिहून विचारा की 'मित्रांसाठी' पान कधी सुरू करणार. तुमच्या घरात हे दोन वार मिळाले का, कसे मिळाले, कुणी कुरकुर केली, ते आम्हाला कळवा. आणि तुमच्या आईची, सासूची, शेजारणीची कुणालाही जमेल अशी एखादी साधी पाककृती असेल तर तीही पाठवा.