आजींचा नियम आणि कंबोडियन नूडल्स

कॅलिफोर्नियातील लाँग बीच शहरात अ‍ॅनाहाइम रस्त्याच्या एका पट्ट्याला २००७ पासून ‘कंबोडिया टाउन’ हे अधिकृत नाव आहे. आर्टेशियाचा भारतीय बाजार आणि ब्यूना पार्कचे जैन मंदिर तेथून फार दूर नाही. पुण्याच्या मार्केट यार्डात भुसार मालाची पेढी असलेल्या घरातील एक आजी नातवाकडे तेथे गेल्या, तेव्हा नातवाच्या कंबोडियन भागीदाराने आग्रहाचे निमंत्रण दिले. त्याच्या आईचे त्याच वस्तीत नूडल्सचे दुकान होते. भागीदारी नवी होती. नाही म्हणणे कठीण, आणि हो म्हणणे त्याहून कठीण.

आजींना कंदमूळाचा त्याग आणि चौविहार. चौविहाराची अडचण आपोआप सुटली, कारण कुई तिएव हे तांदळाच्या शेवयांचे पक्वान्न मुळात न्याहारीचेच. अशी दुकाने सकाळी लवकर उघडतात. खरी अडचण त्या वाडग्यातल्या साराची. ते डुकराच्या हाडांचे, बहुधा सुकी कोळंबी घालून तासन् तास उकळलेले. वर तळलेला लसूण. क्रोउंग नावाच्या वाटणात गवती चहाच्या दांड्यांबरोबर ओली हळद, गलांगल आणि लसूण. ‘भाजीचे’ म्हणून मागवलेल्या पदार्थातही मासळीचा रस किंवा कालवांचा सॉस असू शकतो, आणि गव्हाच्या पिवळ्या नूडल्समध्ये अंडे. ज्या दुकानाच्या पाटीवर कंबोडियनसोबत थाई, व्हिएतनामी, चिनी असे सारेच लिहिलेले असते, तेथे केवळ ‘व्हेजिटेरियन’ या एका शब्दावर विसंबणे भाबडेपणाचे.

सुनेने सुचवले, “आई, तुम्ही नुसते शहाळ्याचे पाणी घ्या. त्यांना वाईट वाटणार नाही.”

वाईट वाटले असते. १९७५ ते १९७९ या काळात ख्मेर रूजने कंबोडियात शहरे रिकामी केली, चलन रद्द केले, बाजार बंद केले. व्यापार हा शब्दच उरला नाही. पुढे स्वतःच्या घरी चूल पेटवण्यासही बंदी आली. सामुदायिक भोजनगृहात मिळणाऱ्या पातळ पेजेवर माणसे राबली आणि लाखो मेली. दुकानाची मालकीण त्या वेळी दहा वर्षांची होती. तिच्या दारातून कोणी उपाशी जावे, हे तिला सोसणारे नव्हते.

नातवाने वर्ज्य पदार्थांची यादी वाचायला सुरुवात केली, तशी ती गोंधळली. बटाटा का नको, आले का नको? मग त्याला सुचले, तो म्हणाला, “चिनी बौद्ध उपासक कांदा-लसूण टाळतात ना, तसे, आणि शिवाय जमिनीखालचे काहीच नको.” तिचा चेहरा उजळला. कुई तिएव मूळचे दक्षिण चीनमधून आलेल्या तेओच्यू लोकांचे. त्यांच्या घरचे उपासाचे जेवण तिने पाहिलेले होते.

तिने पातेले आजींच्या देखत घासले, नवे पाणी उकळले, तांदळाच्या शेवया त्यात सोडल्या. वर भाजलेल्या शेंगदाण्यांचा कूट आणि तुळशीच्या जातीची पाने. मोड आलेले मूग आजींनी हाताने बाजूला सारले. सोबत लहान वाटीत टुक मरेच: लिंबाचा रस, मीठ आणि कुटलेली काळी मिरी. मिरी कंपोतची होती. २०१० पासून तिला कंबोडियात भौगोलिक मानांकन आहे. आजींनी मिरीचा दाणा चिमटीत धरून वास घेतला आणि भाव विचारला. भुसार पेढीची सवय ती.

परक्या पातेल्यातले अन्न घ्यावे की नाही, यावर सर्व वाचकांचे एकमत होणार नाही. सुनेचेही झाले नाही. तिने केवळ फळे घेतली. आजींचे म्हणणे एवढेच, की नियम कशाचा घेतला आहे ते आपल्याला नेमके ठाऊक असले पाहिजे.

निघताना मालकीण पैसे घेईना. हा पदार्थ यादीत नाही, त्याला दर नाही, असे ती म्हणत राहिली. दुकान नुकतेच उघडले होते, दुसरे गिऱ्हाईक आलेले नव्हते. आजी नातवाला म्हणाल्या, “तिला सांग, भवानीचे पैसे सोडायचे नसतात.”

नातवाला भवानीला इंग्रजी शब्द सापडेना. तो सांगू लागला, की दिवसाची पहिली विक्री... आणि वाक्य पुरे होण्याआधीच तिने हात पुढे केला. नोट कपाळाला लावून तिने गल्ल्यात टाकली आणि गल्ला बंद केला.