नवी कॉइल, नवे प्लग आणि एक चोर



मागच्या आठवड्यात गावाकडच्या एका मित्राची गाडी गॅरेजमध्ये गेली. इंजिन मिसिंग करत होतं. पोराने स्कॅनर लावला, पडद्यावर पी-०३०३ आलं, आणि त्याने तिन्ही हजारांची यादी लिहून दिली: कॉइल, प्लग, इंजेक्टर. मित्राने मला फोन केला, "तू फौजेत हेच करत होतास ना? बरोबर आहे का रे?" मी म्हटलं, तो कोड एवढंच सांगतो की तीन नंबरच्या सिलिंडरमध्ये नीट जळत नाही. का जळत नाही ते तो सांगत नाही. ताप आहे हे थर्मामीटर सांगतो, म्हणून काय लगेच पोट फाडायचं?

फोन ठेवला आणि मला संकठा घाट आठवला. आजचा लेख त्यावर आहे, आणि तो थोडा रागात लिहिलेला आहे. राग आधी स्वतःवरचा आहे, हे शेवटपर्यंत वाचणाऱ्यांना कळेल.

२००६ साल. पोस्टिंग बनारसला. माझा ट्रेड व्हेईकल मेकॅनिक, हुद्दा नायक. आमच्याकडे एक निसान वन-टन होती, जबलपूरच्या व्हेईकल फॅक्टरीत बनलेली. जुन्या लोकांना वेगळं सांगायला नको: सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, जोंगाची थोरली बहीण. वय झालेलं, पण पाठीचा कणा ताठ. तिला एक दुखणं लागलं. आयडलिंगला घड्याळासारखी चालायची, रस्त्यावर काढली की ताशी पस्तीस-चाळीसला झटके, फटफट, मधूनच सायलेन्सरमधून बार.

आम्ही काय केलं? प्लग बदलले. पॉइंट बदलले. कंडेन्सर बदलला. डिस्ट्रिब्यूटरची कॅप, रोटर, हाय टेन्शनच्या तारा. कॉइल बदलली. दुसऱ्या गाडीचा कार्बोरेटर काढून हिला बसवला. प्रत्येक वेळी जॉब कार्डावर एक ओळ वाढायची आणि आम्हाला वाटायचं काम चाललंय. अंदाजपंचे दाहोदरसे, दुसरं काय. तीन आठवडे गेले. शेवटी अख्खा डिस्ट्रिब्यूटर मागवला, तो येता येईना.

आणि मग जे व्हायचं तेच झालं. बदलायला सामान संपलं, तेव्हा लोकांची नजर माणसाकडे वळली. कुणीतरी म्हणालं, पेट्रोलमध्ये रॉकेल असणार. रॉकेल असेल तर ते कुणी घातलं? ड्रायव्हरने. म्हणजे पेट्रोल बाहेर विकलं. बघता बघता एक लान्स नायक, सातारा जिल्ह्यातला, घरी म्हातारी आई आणि लग्नाची बहीण असलेला पोरगा, चोर झाला. बोलणं रेड इंक एंट्रीपर्यंत आलं. फौजेत ती लाल शाई काय करते ते माजी सैनिकांना माहीत आहे. प्रमोशनच्या वेळी बाकी सगळं पान पांढरं असलं तरी बोर्डाला तेवढंच दिसतं.

त्याला पाठबळ देणारा कागद कुणाचा होता? माझा. 'इग्निशन सिस्टीम तपासली, ठीक आहे' असं मी सही करून लिहिलं होतं. मी तपासलं नव्हतं. मी बदललं होतं. या दोन क्रियापदांतला फरक मला तेव्हा कळत नव्हता असंही नाही. ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं सगळं. पण वरून विचारणा आली की 'नवीन टाकलंय साहेब' हे उत्तर ढालीसारखं असतं. त्यावर पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही.

त्या रविवारी आउटपास घेऊन घाटावर गेलो. मणिकर्णिकेच्या पुढे बायजाबाईंचा शिंदे घाट, त्याच्या पलीकडे संकठा घाट. आपल्या माणसाला तिकडे परकं वाटत नाही; एका बाजूला शिंदे, दुसऱ्या बाजूला दोन पावलांवर नागपूरकरांचा भोसले घाट, मध्ये वर संकठादेवीचं देऊळ. पायऱ्यांवर बसलो होतो. खाली एक मोटरबोट बांधलेली, डिझेलचं दोन सिलिंडरचं इंजिन, आणि ते लंगडत होतं. बोटीत पंधरा-वीस यात्रेकरू बसलेले, आरडाओरडा चाललेला, कारण पैसे आधीच दिले होते.

नाववाला पन्नाशीचा. त्याने कुणाकडे लक्ष दिलं नाही. पाना घेतला आणि एका इंजेक्टरच्या पाइपचा नट अर्धा आटा ढिला केला. डिझेल फसफसलं, इंजिन एकदम बसायला आलं. नट आवळला. दुसरा ढिला केला. इंजिनच्या आवाजात काहीच फरक नाही. म्हणजे आजारी हा. जो काम करत नाही त्याला सुट्टी दिली तर कामावर परिणाम कसा होईल? मग त्याने इंजिन बंद केलं, दोन्ही इंजेक्टर काढले आणि एकमेकांच्या जागी बसवले. नवीन काहीच टाकलं नाही. चालू केलं, पुन्हा नट ढिले केले. आता दुखणं पहिल्या सिलिंडरमध्ये गेलं होतं. इंजेक्टरबरोबर फिरलं, म्हणजे दोष इंजेक्टरमध्येच. मगच त्याने डब्यातून जुनं, साफ केलेलं नोझल काढलं.

मी वर बसून बघत होतो आणि घामाघूम झालो. ऊन होतं म्हणून नव्हे. त्याने इंजिनला एका वेळी एकच प्रश्न विचारला आणि उत्तर ऐकून पुढचा विचारला. आम्ही तीन आठवड्यांत एकही प्रश्न विचारला नव्हता.

सोमवारी सकाळी मी सर्वात आधी ड्रायव्हरकडे गेलो. तो माझ्याशी बोलायला तयार नव्हता. मी विचारलं, "झटके नेमके कधी येतात?" तो म्हणाला, "पहिल्या दिवशीच सांगितलं होतं की. अ‍ॅक्सिलरेटर अर्ध्यावर धरला की झटके. चढाला पूर्ण दाबला की एकदम नीट."

यातच सगळं होतं. रॉकेल असतं तर गाडी चढाला, पूर्ण जोरावर सगळ्यात जास्त कुरकुरली असती. कॉइल कमजोर असती तरी तेच. इथे तर जोर लावला की दुखणं पळत होतं. अर्ध्या थ्रॉटलला असतं आणि आयडलिंगला व पूर्ण थ्रॉटलला नसतं असं काय? व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्स. अर्ध्या थ्रॉटलला कार्बोरेटरकडून येणारा व्हॅक्यूम डिस्ट्रिब्यूटरच्या आतली प्लेट थोडी फिरवतो, म्हणजे ठिणगी जरा आधी पडते. पूर्ण दाबलं की व्हॅक्यूम उतरतो, प्लेट परत जागेवर.

रबरी पाइप काढला, तोंडाला गोळी बसवली आणि गाडी रस्त्यावर काढली. एकही झटका नाही. परत आलो, इंजिन आयडलिंगला ठेवलं, पाइपाचं टोक तोंडात धरून ओढलं. रबराची आणि पेट्रोलची चव अजून आठवते. इंजिन फटफटलं. सोडलं, सुरळीत. पुन्हा ओढलं, फटफट. ड्रायव्हर शेजारी उभा होता. तो काही बोलला नाही.

कॅप उघडली. बाहेरच्या टर्मिनलपासून पॉइंटपर्यंत जाणारी बोटभर लवचिक तार. वरचं आवरण शाबूत, आत तारेचे धागे तुटलेले. प्लेट जागेवर असली की टोकं टेकायची, फिरली की सुटायची. पॉइंट आम्ही नवे टाकले, तार मात्र जुनीच परत जोडली. नवीन तार डागली, अर्ध्या तासाचं काम.

यावर वर्कशॉपमधले एक सिनियर म्हणाले, "अरे, डिस्ट्रिब्यूटर आला असता तर गाडी तशीही नीट झालीच असती." बरोबर आहे. झाली असती. आणि मग सगळे म्हणाले असते की ड्रायव्हर घाबरला, चोरी थांबली, म्हणून गाडी सुधारली. सामान बदलून गाडी दुरुस्त होते, पण कारण न शोधता झालेल्या दुरुस्तीने कुणीही निर्दोष ठरत नाही. पेट्रोलची तपासणी तर मिनिटाची होती: कागदावर थेंब टाका, वाळू द्या, तेलकट डाग राहतो का बघा. माणसाला चोर म्हणण्याआधी तेवढंही कुणी केलं नाही. मीही नाही.

आता माझे माजी सैनिक वाचक लगेच लिहितील, 'जुन्या गाड्या, जुने मेकॅनिक, ती मजा आता नाही.' माफ करा, मला हे पटत नाही. ते तीन आठवडे जुन्याच गाडीवर आणि जुन्याच मेकॅनिकांनी वाया घालवले. स्कॅनर चांगली वस्तू आहे. कुठल्या सिलिंडरमध्ये दोष आहे ते तो क्षणात सांगतो. त्या नाववाल्याला त्यासाठी हात डिझेलमध्ये बुडवावे लागले. माझं भांडण पुढच्या पायरीशी आहे. तीन नंबरची कॉइल दोन नंबरला लावून बघायला पोराला दहा मिनिटं लागली असती. कोड पी-०३०२ झाला तर कॉइल दोषी, तीनवरच राहिला तर कॉइल सोडा, पुढे बघा. पण मालक दहा मिनिटांच्या विचाराचे पैसे देत नाही, पार्टचे देतो. फौजेतही कार्डावर सामान चढतं, विचार चढवायला रकानाच नाही. मग लोक रकाने आहेत तेच भरतात.

त्या लान्स नायकावरचं प्रकरण मिटलं. 'मिटलं' एवढंच, कुणी त्याला तुझी चूक नव्हती असं सांगितलं नाही. मी माझा आधीचा शेरा खोडून खाली नवा लिहिला आणि तारीख घातली. ती तुटकी तार त्याने मागून घेतली. पुढे पेन्शनवर आल्यावर तो एसटीत लागला. दोन वर्षांपूर्वी सातारा स्टँडवर भेटला, चहा त्यानेच पाजला. पाकीट उघडताना मी नकळत आत पाहिलं. तार नव्हती. बहिणीच्या मुलांचा फोटो होता.

मित्राच्या गाडीत कॉइल बदलून पाहिली. कोड तीनवरच राहिला. आता प्लग बघतोय.