बादलीला नमस्कार

स्नेहसंमेलन म्हटले की विनोदी प्रवेश आलाच, आणि विनोदी प्रवेशांत एक प्रवेश ठरलेला असतो. चित्रप्रदर्शनाचे दालन. कोपऱ्यात रंगाऱ्याने विसरलेली चुन्याची बादली, तीत उभा कुंचा. खांद्याला झोळी अडकवलेले रसिक येतात, बादलीभोवती दोन फेऱ्या मारतात. एकाला तीत माणसाचे एकाकीपण दिसते, दुसऱ्याला युगाची पोकळी. शेटजी भाव विचारतात, बोली लाखावर जाते. इतक्यात शिपाई येतो, ‘साहेब, जरा सरका’ म्हणून बादली उचलतो आणि चालू लागतो. पडदा. टाळ्या.

शाळेत असताना त्या शिपायाचे काम मी केले आहे. एका वाक्यावर एवढी टाळी मला पुन्हा कधी मिळालेली नाही. म्हणूनच आज त्या प्रवेशाविरुद्ध चार शब्द लिहिताना थोडा कृतघ्नपणा होतो आहे, हे आधीच कबूल करतो.

हा विनोद खोटा आहे असे माझे म्हणणे नाही. २०१६ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या आधुनिक कलासंग्रहालयात १६-१७ वर्षांच्या मुलांनी गंमत म्हणून एक चष्मा भिंतीलगत जमिनीवर ठेवून दिला. थोड्याच वेळात लोक त्याच्याभोवती जमले आणि वाकून वाकून त्याची छायाचित्रे घेऊ लागले. किमतीचे म्हणाल, तर इटालियन कलावंत मॉरिझिओ कात्तेलान याने भिंतीला चिकटपट्टीने डकवलेले केळे २०१९ साली मायामीत १,२०,००० डॉलरला विकले गेले. त्याच कलाकृतीची एक प्रत नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात दलालीसह ६२ लाख डॉलरवर गेली. त्या दिवशीचे केळे रस्त्यावरच्या फळगाडीवरून ३५ सेंटला आणलेले होते. गिऱ्हाइकाने पैसे मोजले ते केळ्याचे नव्हेतच. प्रमाणपत्राचे आणि केळे कसे लावावे याच्या सूचनांचे. कलाकृतीचे नावच मुळी ‘कॉमेडियन’. म्हणजे आमचा प्रवेश कलावंताने स्वतःच बसवला आणि वर तिकीटही लावले! वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने याला हसू नये, तर कशाला हसावे?

पण या नाटकाला दुसरा अंकही आहे, आणि तो आपण रंगमंचावर आणत नाही. नेदरलँड्समधील लिस गावच्या संग्रहालयात २०२४ साली लिफ्टच्या कामाला आलेल्या एका बदली तंत्रज्ञाने बिअरचे दोन चेपलेले डबे कचरा समजून टाकून दिले. वस्तुतः त्या डब्यांवरचे प्रत्येक चित्र आणि अक्षर एका फ्रेंच कलावंताने ॲक्रिलिक रंगांनी हाताने काढलेले होते. डबे कचऱ्याच्या पिशवीत सापडले. संग्रहालयाने तंत्रज्ञाला दोष दिला नाही. तो बिचारा आपले काम चोख करीत होता. आमच्या प्रवेशातली बादली ही बादलीच होती, म्हणून आपण हसलो. इथे ‘कचरा’ म्हणून टाकलेली वस्तू कोणाच्या तरी हातची मेहनत निघाली. जवळ जाऊन पाहिल्यावाचून दोहोंतला फरक कळावा कसा?

जवळ जाऊन पाहण्याचा उत्तम दाखला आमच्याच विषयातला, म्हणजे आयात जकातीचा आहे. १९२६ साली कॉन्स्टंटिन ब्रांकुसी यांचे ‘अवकाशातील पक्षी’ हे ब्राँझचे शिल्प न्यूयॉर्क बंदरात उतरले. ना चोच, ना पंख. नुसता वर निमुळता होत गेलेला चकचकीत धातू. कलाकृतीवर तेथे जकात नव्हती. अधिकाऱ्यांनी मात्र हा पक्षी स्वयंपाकघरातील भांडी व रुग्णालयातील साहित्य या सदरात टाकून त्यावर शेकडा ४० जकात आकारली. प्रकरण न्यायालयात गेले. याला पक्षी का म्हणायचे, एखादा कुशल कारागीर हे घडवू शकला नसता का, असे प्रश्न साक्षीदारांना विचारले गेले. नोव्हेंबर १९२८ मध्ये निकाल ब्रांकुसींच्या बाजूने लागला. त्या धातूत पक्षी पाहणे न्यायालयालाही अवघडच गेले. पण कलेत एक नवा पंथ उदयाला आला आहे आणि तो आपल्याला पटो वा न पटो, त्याचे अस्तित्व विचारात घेतले पाहिजे, अशा आशयाचे मत त्याने नोंदवले. मान डोलावण्याची घाई नाही, नाक मुरडण्याचीही नाही. आधी विचारायचे, मग ठरवायचे. मला या निकालातली मोठी गोष्ट वाटते ती हीच.

मान डोलावणारा रसिक आणि त्याला खदखदा हसणारा प्रेक्षक यांना आपण एकमेकांच्या विरुद्ध समजतो. मला ते सख्खे भाऊ वाटतात. ‘मला हे कळले नाही’ असे चारचौघांत म्हणण्याची भीती दोघांनाही असते. एक ती कौतुकाने झाकतो, दुसरा हशाने.

ही भीती काही चित्रांच्या दालनापुरतीच नाही. मराठी माध्यमातून आल्यावर पहिल्या वर्षी ‘गुडविल’च्या नोंदी इंग्रजीतून कानावर पडू लागल्या, तेव्हा ‘अंडरस्टूड?’ या प्रश्नाला साऱ्या वर्गाबरोबर मीही ‘येस सर’ म्हणत होतो. खांद्याला झोळी नव्हती, एवढाच काय तो फरक. आता दुसऱ्या भावाचे ऐका. कन्नड अक्षरांना ‘जिलब्या’ म्हणून हसणारे आणि या अंकाची कन्नड पाने न वाचताच उलटणारे आपल्यात थोडे नाहीत. लहानपणी मीही हसलो आहे. मग शाळेत एकेक अक्षर गिरवले आणि एके दिवशी बसस्टँडवर उभा असताना समोरच्या बसची पाटी आपोआप वाचली गेली. त्यानंतर मला त्या पाटीवर जिलब्या दिसल्या नाहीत. गावाचे नाव दिसले.

तेव्हा हा प्रवेश बंद करा असे मी म्हणणार नाही. यंदाही बसवा, फक्त त्यात एक पात्र वाढवा. रसिक डोलत असताना, शिपाई यायच्या आत, त्याने पुढे यावे आणि सरळ विचारावे, ‘हे काय आहे? मला कळले नाही.’ आपले कन्नड मित्र अशा वेळी ‘अर्थ आगलिल्ला’ म्हणतात. ‘अर्थ’ हा शब्द दोन्ही भाषांत एकच. त्याचा एक अर्थ पैसा. त्याचा हिशेब आम्ही वाणिज्यवाले शिकतोच. दुसरा मात्र विचारल्यावाचून हाती लागत नाही.

या नव्या पात्राला टाळी पडेल की नाही, सांगता येत नाही. पण कोणी मिळत नसेल, तर ते काम करायला मी तयार आहे.