श्रेणीबद्ध विषमता आणि आपण

सत्तेचे मूळ कशात आहे? कार्ल मार्क्सने ते उत्पादनसाधनांच्या मालकीत शोधले. मॅक्स वेबरने वर्गासोबत सामाजिक प्रतिष्ठा व पक्षसंघटना यांचाही विचार केला. महाडच्या इतिहासावरून प्रतिष्ठेचे बळ कळते. मुंबई कायदे कौन्सिलने १९२३ साली बोले ठराव संमत केला, पुढे महाड नगरपालिकेने चवदार तळे खुलेही केले. तरी त्याचे पाणी घेण्यासाठी अस्पृश्यांना २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रह करावा लागला.

बाबासाहेबांनी याहून खोल निदान केले. जातिव्यवस्था ही श्रेणीबद्ध विषमता आहे. प्रत्येक पायरीखाली आणखी एक पायरी असल्याने पीडितालाही थोडा मोठेपणा लाभतो आणि सारे पीडित एक होत नाहीत.

म्हणूनच आम्हांस चिंता वाटते ती शिकलेल्यांची. वसतिगृहात एका पंगतीत जेवलेले आपण पदावर पोहोचल्यावर पोटजात विचारून सोयरीक जुळवीत असू, तर ती उतरंड आपणच सांभाळत आहोत. माजी विद्यार्थ्यांनी शाळेला देणगी अवश्य द्यावी; परंतु त्याआधी आपल्या घरातील पायरी मोडावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.