वूल्मर यांच्यासाठी रडायलाही उसंत मिळाली नाही

१७ मार्च २००७ ला आयर्लंडने पाकिस्तानला हरवलं आणि त्यांचा विश्वचषक संपला. दुसऱ्या दिवशी किंग्स्टनच्या हॉटेलात प्रशिक्षक बॉब वूल्मर बेशुद्ध सापडले, आणि गेले. कानपूरला जन्मलेला हा इंग्रज माणूस, २००४ पासून पाकिस्तानी खेळाडूंचा उस्ताद. हरल्याचा राग धरून बसलेले चाहतेही हळहळले.

२१ मार्चला झिम्बाब्वेविरुद्ध आपला शेवटचा एकदिवसीय सामना खेळून इंझमाम रडत मैदानाबाहेर आला. दुसऱ्याच दिवशी जमैकाच्या पोलिसांनी जाहीर केलं, गळा दाबून खून! खेळाडूंच्या बोटांचे ठसे घेतले गेले, इंझमामची पुन्हा चौकशी झाली. तपास करणं पोलिसांचं कामच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती माध्यमांबद्दल. फिक्सिंगच्या कहाण्या रंगल्या, संघाच्या नमाज-दाढीचीही चर्चा झाली. ज्यांचा उस्ताद गेला होता, त्यांनाच जगाने संशयित ठरवलं. मय्यतीच्या घरात बदगुमानी करू नये, एवढा साधा अदबही कुणी पाळला नाही.

जूनमध्ये त्याच पोलिसांनी मृत्यू नैसर्गिक असल्याचं सांगितलं. नोव्हेंबरमध्ये ज्यूरीने कारण निश्चित न करता निकाल खुला ठेवला. म्हणजे खून सिद्ध झालाच नाही. तरी आजही मित्रांत वूल्मर यांचं नाव काढलं की पहिला प्रश्न येतो, "त्यांना मारलं होतं ना?" प्रश्न विचारणारे बहुतेक आपलेच असतात.