आपत्ती रात्री येते, वस्तीची तयारी कुठे आहे?

७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाची रंगीत तालीम झाली. भोंगे वाजले, काही ठिकाणी दिवे घालवले गेले आणि घरात टॉर्च, कोरडे खाणे, प्रथमोपचाराची पेटी ठेवा अशा याद्या मोबाईलवर फिरू लागल्या. साडेतीन महिन्यांनी, १९ ऑगस्टला, मुंबईत मिठी नदी फुगली आणि कुर्ल्याच्या क्रांती नगरमधल्या रहिवाशांना घरे सोडून बाहेर पडावे लागले. त्याच संध्याकाळी मोनोरेल मध्येच बंद पडली. अडकलेल्या पाचशेहून अधिक प्रवाशांना अग्निशमन दलाने शिड्या लावून उतरवले.

त्या याद्या वाईट नाहीत. पण त्या कुणासाठी लिहिल्या आहेत हे वाचताना लगेच कळते. तीन दिवसांचे पाणी साठवा, गाडीची टाकी भरून ठेवा, सुरक्षित खोलीत थांबा. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे राहतात, पाणी पहाटे तासभर येते, तिथे सुरक्षित खोली कोणती? आपल्या समाजाचा मोठा भाग आजही नाल्याकाठी, डोंगरउतारावर, जुन्या चाळीत राहतो. त्याच्या संकटाची यादी त्यालाच करावी लागेल.

पहिली गोष्ट वेळेची. २ जुलै २०१९ ला मालाडच्या पिंपरीपाड्यात भिंत कोसळली ती मध्यरात्रीनंतर. १८ जुलै २०२१ ला चेंबूर-माहुलचे भारत नगर आणि विक्रोळीचे सूर्यनगर इथे दरड आली तीही लोक झोपेत असताना. या दोन तारखांनी साठच्या आसपास माणसे नेली. मोबाईलवर मोठ्याने वाजणारा सरकारी इशारा आता येतो, २०२३ मध्ये त्याच्या चाचण्याही झाल्या. पण तो इशारा सगळ्या परिसराला असतो. कुठली भिंत पडणार हे त्याला ठाऊक नसते. ते गल्लीतल्या माणसाला आधी कळते. भिंतीतून गढूळ पाणी झिरपू लागते, जमिनीला नवी भेग पडते, विजेचा खांब कललेला दिसतो, काल उघडणारे दार आज अडकते. म्हणून जोरदार पावसाच्या रात्री दोघांनी आळीपाळीने जागे राहायचे, एकट्या आजी, अंथरुणावरचे आजारी आणि गरोदर महिला कोणत्या घरात आहेत हे त्यांना पाठ असायचे, आणि महापालिकेचा १९१६ व आपत्कालीन ११२ हे क्रमांक दारामागे लिहिलेले असायचे. मोबाईल बंद पडल्यावर त्यातला नंबर काय कामाचा?

दुसरी गोष्ट कागदपत्रांची. कोणत्याही यादीत तिला एक ओळ मिळते, आपल्यासाठी मात्र तीच सर्वात महाग आहे. भांडीकुंडी पुन्हा घेता येतात. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा लागतो. आजोबांचा गावच्या शाळेतला दाखला, जुना उतारा, कुणीतरी एसटीने चार फेऱ्या मारून आणलेला असतो. तो भिजला की नातीची जात पडताळणी अडते, शिष्यवृत्ती अडते, व्यावसायिक अभ्यासक्रमाचा प्रवेश अडतो. झोपडीचेही तेच. मोफत पुनर्वसनाची पात्रता १ जानेवारी २००० पूर्वीच्या वास्तव्यावर ठरते, आणि तो पुरावा म्हणजे बहुतेकदा पिवळे पडलेले वीजबिल. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा अशा किती पत्र्याच्या पेट्या पाण्यात गेल्या असतील!

तेव्हा मूळ कागद जाड प्लास्टिकच्या पिशवीत, तोंड बांधून, खाटेखाली नव्हे तर माळ्यावर. साक्षांकित प्रतींचा एक संच गावी किंवा दुसऱ्या वस्तीतल्या नातेवाईकाकडे. डिजिलॉकरबाबत एक गैरसमज आहे. खात्याने तिथे थेट जारी केलेला दाखला मूळ प्रतीइतकाच ग्राह्य धरला जातो. आपण फोटो काढून चढवलेल्या कागदाला तो दर्जा नाही. तरीही आजोबांच्या दाखल्याचा फोटो काढून ठेवाच. शाळेचे नाव, रजिस्टर क्रमांक आणि वर्ष हाती असेल तर दुसरी प्रत मागता येते.

पाणी शिरू लागले की आधी मेन स्विच बंद, सिलिंडरचा रेग्युलेटर बंद. ओल्या हाताने बोर्डाला हात नाही. पुराच्या पाण्यातून चालून आलेल्यांनी, विशेषतः पायाला जखम असेल तर, लेप्टोच्या प्रतिबंधक गोळीसाठी ७२ तासांच्या आत पालिकेचा दवाखाना गाठावा. ताप येण्याची वाट पाहू नये. पाणी ओसरल्यावर घर धुण्याआधी फोटो काढावेत, पंचनाम्याला तेच लागतात.

आता विहाराबद्दल. पालिका अशा वेळी शाळा उघडते, पण शाळा लांब असते आणि कुलूप उघडेपर्यंत मध्यरात्र उलटते. उंचावर, पक्क्या बांधकामाचे विहार असेल तर पहिला तास तिथे काढता येतो. बहुतेक विहारांची चावी मात्र एकाच पदाधिकाऱ्याकडे असते, आणि तो गावी गेला की विहारही बंद. दुसरी चावी महिला मंडळाकडे द्यायला कुठल्या ठरावाची गरज आहे? पावसाळ्याचे चार महिने तिथे दोरी, शिट्टी, चार्जिंगचा दिवा आणि पाण्याचे दोन कॅन राहू द्यावेत. जयंतीच्या वर्गणीतून हा खर्च सहज निघतो.

हे सारे लिहिताना एक अडचण मनात आहेच. पावसाळ्याआधी दरडीखालच्या घरांना नोटिसा येतात, माणसे हलत नाहीत, आणि दुर्घटना झाली की दोष त्यांच्यावर येतो. हलायचे कुठे, हे नोटिशीत नसते. ती जबाबदारी शिट्टी आणि दोरीवर ढकलता येणार नाही. २०२५ च्या सुधारणेने आपत्ती व्यवस्थापन कायद्यात महानगरपालिका असलेल्या शहरांसाठी शहरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची तरतूद आली आहे. वस्तीच्या समितीने वॉर्ड कार्यालयात लेखी विचारावे: आमच्या भिंतीची शेवटची तपासणी कधी झाली, आमचे निवारा केंद्र कोणते, त्याची चावी रात्री कुणाकडे असते? अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. तीही त्याच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावी.