नवऱ्याचा देश आणि बायकोचं म्हातारपण



"बाईला कसला आलाय स्वतःचा देश? नवरा जिथे, तिथे तिचा देश!" हे वाक्य गेल्या वर्षभरात मी इतक्या तोंडांतून ऐकलंय की आता त्याला लेखी उत्तर देणं भाग आहे. उपाश्रयाच्या पायरीवर ऐकलं, लग्नाच्या पंगतीत ऐकलं, महिला मंडळाच्या बैठकीत तर एका मानाच्या बाईंनी माईक हातात घेऊन ऐकवलं. आज त्यावर माझं म्हणणं स्पष्टच मांडते.

विषय माझ्या घरचाच आहे. आमचे हे नैरोबीत जन्मले. केनिया 1963 साली स्वतंत्र झाला, नंतर तिथल्या आपल्या लोकांना धंद्याचे परवाने मिळेनासे झाले. 1968 मध्ये ब्रिटनने कायदा करून दार आवळायच्या आधी जी कुटुंबं घाईघाईने तिकडे गेली, त्यांत यांचंही होतं. हे लेस्टरला वाढले, तिथे पाच वर्षं होजिअरीच्या कारखान्यात राबले आणि चोविसाव्या वर्षी मामांच्या जिनिंगमध्ये मदतीला म्हणून हिंगणघाटला आले ते इथलेच झाले. माझं माहेर देवळी तालुक्यातलं. तीन पिढ्यांमागे कच्छहून कापसाच्या मागे आलेलं घर, चुलीपाशी कच्छी आणि शाळेत मराठी. लग्नाला चाळीस वर्षं उलटली. यांचा पासपोर्ट मात्र ब्रिटिशच राहिला, आता त्यावर ओसीआय कार्ड आहे. जिनिंग पुतण्याकडे सोपवली आणि लेस्टरचे दीर म्हणू लागले, "आता बस झालं, घरी या." यांच्या मनातही तेच आहे. प्रश्न माझा उरला. मी त्रेसष्ट वर्षांची आहे.

तिकडे धर्म नाही, मंदिर नाही, म्हणून जाऊ नये, असं मी म्हणणार नाही. ते खोटं आहे. लेस्टरच्या जैन सेंटरची प्रतिष्ठा 1988 साली झाली. एका जुन्या चर्चची इमारत घेऊन तिथे श्वेतांबर, दिगंबर, स्थानकवासी सगळ्यांना एका छताखाली जागा केली. आपल्याकडे एका गावात दोन फिरके एका पंगतीला बसवताना किती नाकी नऊ येतात ते तुम्हाला ठाऊकच आहे. तिथे पर्युषण होतं, प्रतिक्रमण होतं, पाठशाळा भरते. "परदेशात गेली की धर्म बुडाला" म्हणणाऱ्या बायकांनी आधी तिथल्या बायकांची पर्युषणातली तपश्चर्या पाहावी.

तरीही काही गोष्टी मंदिराने भरून निघत नाहीत. आपले साधू-साध्वी पायी विहार करतात, ते समुद्र ओलांडून येणार नाहीत. तेरापंथात आचार्य तुलसींनी 1980 साली समणींची श्रेणी सुरू केली ती याच कारणाने, की त्यांना वाहनाने दूरदेशी जाता यावं. पण सकाळी दारात साध्वीजी येऊन उभ्या राहाव्यात, गोचरी वोहरवावी, जाताना त्यांच्या तोंडून मांगलिक ऐकावं, हे तिथे नाही. चौविहाराचंही तसंच. लेस्टरला जूनमध्ये सूर्य साडेनऊच्या सुमारास मावळतो आणि डिसेंबरात चारच्याही आधी. तरुण बाई निभावून नेईल. मधुमेहाची गोळी घेणारी, सांध्यांनी जेरीस आलेली बाई हिवाळ्यात पावणेचारला शेवटचा घास घेऊन सकाळी आठपर्यंत कशी बसेल, याचा विचार मला माईकवरून उपदेश करणाऱ्यांनी केलाय का?

पण धर्माचं मी इथेच थांबवते. कारण खरी मेख धर्मात नाही, कागदांत आहे, आणि कागदांबद्दल आपण बायका बोलत नाही.

ऐका. यांचा देश यांच्यासाठी उघडा आहे. उद्या विमानात बसले तर कोणी अडवणार नाही. मला मात्र बायको म्हणून व्हिसा काढावा लागेल. त्यासाठी ब्रिटन उत्पन्नाची अट घालतं. 2012 पासून ती वर्षाला 18,600 पाउंड होती, एप्रिल 2024 पासून 29,000 पाउंड झाली. यांची तिथली नोकरी पाच वर्षांची, आणि साधारण दहा वर्षांचा भरणा नसेल तर तिथलं सरकारी पेन्शन मिळत नाही. उत्पन्न नसेल तर बचत दाखवा, ती 88,500 पाउंड, म्हणजे एक कोटी रुपयांच्या आसपास, आणि सहा महिने खात्यात पडून राहिलेली. आमच्याकडे एवढी रक्कम एकाच गोष्टीतून उभी राहते: हिंगणघाटचं राहतं घर. ते आम्हा दोघांच्या नावावर आहे.

म्हणजे "नवऱ्याच्या देशात जा" याचा सरळ अर्थ "तुझ्या नावावरचं घर वीक" असा आहे. हे कोणी माईकवरून सांगितलं नाही.

पुढे बघा. आरोग्य सेवेसाठी मला दर वर्षाचे 1,035 पाउंड आगाऊ भरावे लागतील. पाच वर्षं पूर्ण होऊन कायमचा परवाना मिळेपर्यंत सरकारी मदतीचा एक पैसा नाही. नवऱ्याचा देश म्हणता, तर त्या देशाच्या लेखी मी पाच वर्षं उंबऱ्याबाहेरच. एक मात्र खरं सांगितलं पाहिजे: या काळात नवरा गेला तर तिथला कायदा विधवेला हाकलत नाही, तिला कायम राहण्यासाठी अर्ज करता येतो. तेवढं त्या कायद्याचं श्रेय त्याला देते. पण परवानगी मिळणं वेगळं आणि जावेच्या घरातल्या एका खोलीत, स्वतःच्या घराची किंमत कधीच खर्च झालेली असताना, एकटीने दिवस काढणं वेगळं.

उद्या मी तिथलं नागरिकत्व घेतलं तर भारताचं सोडावं लागेल, कारण आपल्याकडे दोन नागरिकत्वं चालत नाहीत. ओसीआय कार्ड मिळेल, पण त्यावर मतदान नाही आणि शेतजमीन नव्याने विकत घेता येत नाही. मला माहेरची तीन एकर मिळाली आहे. ती सहज मिळाली नाही. महाराष्ट्राने 1994 साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला, देशभर तो 2005 मध्ये आला, आणि वारसाचा हा कायदा आपल्या जैनांनाही लागू आहे. तरी भावाकडून सातबाऱ्यावर नाव चढवून घेताना मला किती वर्षं गोड बोलावं लागलं ते माझं मला माहीत. वारसाने आलेली जमीन कोणी काढून घेणार नाही, पण हजारो मैलांवरून तीन एकराची पेरणी कोण करून घेणार? दोन वर्षांत बटाईवाला आणि भाऊ मिळून ठरवतील.

यावर मला एक उत्तर हमखास मिळतं: "हा घराचा-शेताचा मोह आहे. अपरिग्रह विसरलीस." वा! लेस्टरचं घर परिग्रह नाही का? यांचा पासपोर्ट चाळीस वर्षं कपाटात जपून ठेवला तो कोणता त्याग? परिग्रह बायकोच्या नावावरच्या मालमत्तेतच तेवढा दिसतो, हे मोठं विचित्र भिंग आहे. भगवंतांनी दिलेलं व्रत दुसऱ्याच्या हातातून घर सोडवून घेण्याचं हत्यार नाही. व्रत आपलं आपण घ्यायचं असतं.

आता सगळ्यात वजनदार मुद्दा. तो माझ्या नणंदेने मांडला आणि तो मी टाळणार नाही. ती म्हणाली, "भाभी, भाईने तुमच्या देशात चाळीस वर्षं काढली. आई-बाप तिकडे गेले तेव्हा तो इकडे होता. आता त्याची पाळी नको का?" खरं आहे. वडिलांच्या अंत्यविधीला हे वेळेत पोचू शकले नव्हते, ते दुःख यांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण मी रोज पाहिलंय. यांना घर आठवतं यात काहीच गैर नाही.

पण हिशोब मांडायचाच तर पूर्ण मांडू. हे चोविसाव्या वर्षी आले. समोर धंदा होता, मामांचं घर होतं, भाषा तोंडात होती आणि परत जायचा कागद खिशात होता. मी जाईन ती त्रेसष्टाव्या वर्षी, काम नाही, परतायचं घर विकलेलं, पेन्शन नाही. तरुणपणी घेतलेलं धाडस आणि म्हातारपणी पत्करलेलं परावलंबन यांची तागडी समान होत नाही.

दुसऱ्याच्या देशात म्हातारं होता येतं, नाही असं नाही. आपल्या महाराष्ट्रातच डोळ्यांपुढे उदाहरण आहे. गेल ऑम्वेट अमेरिकेत मिनियापोलिसला जन्मल्या, महाराष्ट्रातल्या ब्राह्मणेतर चळवळीवर संशोधन करायला इकडे आल्या, 1976 मध्ये भारत पाटणकरांशी लग्न केलं, 1983 मध्ये भारताचं नागरिकत्व घेतलं, आणि नवऱ्याच्या गावी, सांगली जिल्ह्यातल्या कासेगावात, 25 ऑगस्ट 2021 ला देह ठेवला. कोणी म्हणेल, बघ, ती आली ना नवऱ्याच्या देशात! हो, पण ती लग्नाआधीच या मातीत आपलं काम शोधून बसली होती. मराठी शिकली, चळवळीत उतरली, पुस्तकं लिहिली, नाव स्वतःचं ठेवलं. नवऱ्याच्या गावाआधी तिला तिचं काम इथे भेटलं होतं.

आपल्या जिल्ह्यातल्या मीराबेन पाहा. इंग्रज नौदल अधिकाऱ्याची मुलगी 1925 मध्ये गांधीजींकडे आली, सेवाग्राम हे तेव्हाचं शेगाव, तिथे बापूंच्याही आधी जाऊन राहिली, आणि 1959 मध्ये भारत सोडून शेवटी ऑस्ट्रियात राहिली, तिथेच 1982 मध्ये वारली. जन्मदेश नव्हे, बापूंचा देशही नव्हे, तिचा स्वतःचा निवडलेला कोपरा. आणि नयी तालीमचे आर्यनायकम दांपत्य? नवरा सिलोनचा, बायको आशादेवी बंगाली, आणि दोघांनी आयुष्य ओतलं ते सेवाग्रामात. तीन उदाहरणं, तीन वेगळ्या वाटा. कुठेही "नवरा जिथे, तिथे बायको" हा नियम नाही. प्रत्येक ठिकाणी बाईने ठरवलं आहे.

एक गोष्ट आणखी, जी आपण कुजबुजत बोलतो. म्हातारपणाचा निर्णय म्हणजे मरणाचाही निर्णय. माझ्या आजीने संथारा घेतला. घर भरलेलं होतं, साध्वीजी होत्या, नवकार चालू होता, कोणाला समजावून सांगावं लागलं नाही. 2015 च्या ऑगस्टमध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने संथाऱ्याला आत्महत्येच्या रांगेत बसवलं तेव्हा देशभर आपल्या बायका तोंडावर पट्टी बांधून रस्त्यावर आल्या आणि महिन्याच्या आत सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. आपल्या पवनारला तर जैन नसलेल्या विनोबांनी 1982 च्या नोव्हेंबरात अन्न, पाणी, औषध सोडून शांतपणे देह ठेवला. ज्यांच्या प्रेरणेने सगळ्या फिरक्यांना मान्य होईल असं 756 गाथांचं समणसुत्तं तयार झालं, त्यांनी मरणही आपल्या धर्माला ओळखीचं असंच निवडलं. पवनारच्या त्यांच्या ब्रह्मविद्या मंदिरात 1959 पासून बायका एकमेकींच्या सोबतीने म्हाताऱ्या होत आल्या आहेत. त्यांना कोणी विचारत नाही, तुमचा नवरा कुठल्या देशाचा.

मी संथारा घेईनच असं म्हणत नाही, तेवढी माझी योग्यता नाही. पण शेवटी माझ्या डोळ्यांतलं न बोलता कळेल अशी माणसं माझ्याभोवती असावीत, एवढी इच्छा धरण्याचा मला अधिकार आहे.

मग माझा निर्णय काय? यांना मी सांगितलं आणि इथेही लिहिते. घर विकायचं नाही. चैत्र-वैशाखात वर्धा जिल्ह्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा लेस्टरला जाऊ. पाहुण्याच्या व्हिसावर एका खेपेला सहा महिन्यांपर्यंत राहता येतं, दिवस मोठा असतो, चौविहारही सुखाने होतो. हे भावांत बसतील, आई-वडिलांची आठवण काढतील. आषाढातल्या चौमासी चौदसच्या आत परत. यांना जास्त राहायचं असेल तर खुशाल राहावं, तो यांचा देश आहे. मी इथे असेन, दार उघडं असेल. यांनी चार दिवस अबोला धरला. पाचव्या दिवशी विचारलं, "एप्रिलची तिकिटं कधी स्वस्त असतात?"

तुमच्यापैकी कुणाचा नवरा दुबईहून अमेरिकेला जाऊन तिथला नागरिक झालाय, कुणाचा मुलगा कॅनडातून "मम्मी, आता इकडेच" म्हणतोय. जायचं असेल तर आनंदाने जा, मी अडवणार कोण? पण सही करण्याआधी चार गोष्टी कागदावर मागा. तिथे माझ्या नावावर काय असेल? नवरा आधी गेला तर मी कुठे, कशावर राहीन? परत यावंसं वाटलं तर इथे माझी म्हणून एक खोली असेल का? आणि माझं आजारपण कोणाच्या भाषेत होईल? या चार प्रश्नांची उत्तरं देताना जो घरचा माणूस चिडेल, त्याने आधी उत्तरं शोधावीत आणि मग धर्माचं नाव घ्यावं.

आणि माईकवाल्या त्या मानाच्या बाईंना विनंती. पुढच्या बैठकीत "नवरा जिथे, तिथे बायको" सांगण्याऐवजी एखाद्या वकिलांना बोलवा. इच्छापत्र, बँकेतलं नामांकन, घराचे कागद, व्हिसा हे सगळं बायकांना समजावून द्या. तेवढंही स्वाध्यायाइतकंच पुण्याचं काम आहे.

कुणाचं मन दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्. मुद्द्याबद्दल मात्र नाही.

जय जिनेंद्र.